गेलेल्या माणसांचं बिऱ्हाड

आमच्या मागच्या दोन खोल्यांत एक बिऱ्हाड राहायचं आणि ते कायम निघायच्या तयारीत असायचं. बदली झाली म्हणून नव्हे, स्वतःचं घर बांधलं म्हणूनही नव्हे. त्यांना देशाच्या पार ईशान्य टोकाला जायचं होतं. तिथे मोटारीचा रस्ता संपला की डोंगरातून दोन दिवस चालायचं, मग एक आदिवासी जमात राहते, तिच्यात जाऊन ख्रिस्ती मिशनचं काम करायचं, असा बेत होता. आणि या डोंगराळ आयुष्याची तयारी चालली होती वसमतला. ज्या गावात चढ म्हणावा तर आमच्या घराचा जिना तेवढा.

तुम्ही मुलं फोनवर विचारता, "आजी, कुणी 'बघू या' म्हटलं की तू एवढी का गं चिडतेस?" त्याचं उत्तर या बिऱ्हाडात आहे. मी नीटनेटक्या स्वभावाची बाई. जायचं तर जावं, राहायचं तर राहावं. पण एखाद्या कुटुंबाने वर्षानुवर्षं माझ्या अंगणात उभं राहून "आता निघालोच" म्हणावं, याला काय म्हणायचं?

बिऱ्हाडाचे कर्ते एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे काचेच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगायचे. आम्हीही त्यांना कंट्रोलरच म्हणत असू. बुटके, ताठ, डोक्याला भरपूर खोबरेल तेल, आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण ऐन मे महिन्यातसुद्धा लावलेलं. आवाज मात्र देहाच्या दुप्पट. नोकरीची सवय अशी लागली होती की घरातही प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचे. "बाई, टाकी भरली आहे. टाकी भरली आहे." मी शाळेत इंग्रजी शिकवायची म्हणून त्यांच्या लेखी बाई. तुमचे आजोबा पेपरमागून पुटपुटायचे, "एकदा सांगितलं तर टाकी सुटून जाते की काय?"

ज्या लोकांत जायचं त्यांना ते "आपली माणसं" म्हणायचे. त्यांतलं एकही माणूस त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कधीतरी एका पाहुण्या उपदेशकाने त्यांच्या चर्चमध्ये पडदा लावून चित्रं दाखवली होती. धुक्यात एक बांबूचं घर, दारात एक म्हातारी, पायाशी डुक्कर. बस्स. त्या चित्रापासून हे सुरू झालं.

"त्या म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, बाई."

"अहो, ती फोटो काढणाऱ्याकडे बघत असणार."

"माझ्याकडं बघितलं," ते म्हणाले. "माझ्याकडं."

मी त्यांना एकदा विचारलंही होतं, एवढी कळकळ आहे तर इथे का नाही काही सांगत? इतकी वर्षं शेजारी राहिले, पण आम्हाला कुणाला त्यांनी कधी येशूबद्दल चार शब्द ऐकवले नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा अपमानच वाटत होता. ते म्हणाले, "तुमाला काय सांगायचं, बाई? तुमच्याकडं वाचनालय आहे, रेडिओ आहे, सगळं आहे. आपल्या माणसांत कोणीच जाऊन नाही राहिलेलं." आमचा निकाल असा वाचनालयावर लागला.

घरात तिघंच. ते, त्यांची बायको मार्था आणि मुलगी एस्तेर. मार्था जवळा बाजार गावची. उंच, सावकाश बोलणारी, आणि चेहऱ्यावरची घडी न मोडता असं काही बोलायची की ऐकणाऱ्याला नंतर घरी जाऊन हसू यावं. लग्न झालं तेव्हा नवरा स्टँडवर नोकरीला आहे एवढंच तिला ठाऊक होतं. डोंगर नंतर आला. "माझ्या बापानं गाडी बघून दिली, बाई," ती म्हणायची, "ह्यांनी मधीच पाटी बदलली."

दर उन्हाळ्यात कंट्रोलर रीतसर नोटीस द्यायला यायचे. खांद्यावर पंचा, हातात काही नाही, पुढच्या दाराशी उभे राहून सांगायचे, "बाई, दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करून देतो. आमी निघून राहिलो." पहिल्यांदा मी त्यावर विश्वास ठेवला आणि खोल्या बँकेतल्या एका नव्या कारकुनाला कबूल करून बसले. तो बिचारा दिवाळीनंतर गादी आणि स्टोव्ह घेऊन रिक्षाने दारात आला, तर आत कंट्रोलर खिडकीला रंग देत बसलेले. "अहो, तुम्ही जाणार होतात ना?" "व्हय. पण मिशनकडून सांगावा न्हाई आला अजून." "मग रंग कशाला देताय?" "जाताना खोली चांगली ठेवून जावं म्हणून." कारकुनाला मी आमच्या बैठकीत दोन आठवडे झोपवलं. त्याच्या घोरण्याचाही हिशेब मी कंट्रोलरांच्याच नावावर धरते.

आता तयारी म्हणजे काय, ते सांगते.

त्या डोंगरात ओझं पाठीवर घेऊन त्याचा पट्टा कपाळाला लावतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. झालं. जुन्या खाटेची नवार काढून पट्टा शिवला, एका पोत्यात आमचीच हळकुंडं भरली आणि गच्चीच्या जिन्यावर तिघांची चढउतार सुरू झाली. वेळ कोणती, तर माझी दुपारची झोपेची. धप्, धप्, धप्, वर. धप्, धप्, धप्, खाली. मधूनच त्यांचा आवाज: "दम लागला तर थांबायचं न्हाई. थांबायचं न्हाई." एके दिवशी एस्तेरच्या पाठीवर पोत्याची शिवण उसवली आणि सगळी हळद खडखडत जिन्यावरून अंगणात आली. मी दार उघडून बघते तर एस्तेर पायरीवर बसून पोट धरून हसत होती, मार्था पदरात हळकुंडं वेचत होती, आणि कंट्रोलर वरच्या पायरीवरून गंभीरपणे म्हणत होते, "हे तिथं दरीत गेलं असतं."

"तिथं हळद पिकतच न्हाई," मार्था खालून म्हणाली.

पुढे कुणी सांगितलं की त्या बाजूला मीठ दुर्मिळ असतं. मग एका उपवासकाळात त्यांनी घरातलं मीठच बंद केलं. भाजी अळणी, वरण अळणी, भाकरी अळणी. मार्था रोज दुपारी नवरा स्टँडवर गेला की माझ्या स्वयंपाकघरात यायची, ओट्याला टेकून लिंबाच्या लोणच्याची एक फोड चाखायची आणि डोळे मिटायची. "बाई, हे पाप तुमच्या घरात होऊन राहिलं," म्हणायची. "माझ्या घरात न्हाई."

त्याच महिन्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना सिद्धेश्वरच्या धरणावर सहलीला नेलं. सहल कसली. मी पुरीभाजी, काकडी, पेरू असा डबा बांधला, सतरंजी घेतली. धरणाच्या फुगवट्याशी पोचलो, तर कंट्रोलरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, बायकोमुलीच्या चपला काढायला लावल्या आणि तिघं काठच्या चिखलात जाऊन रांगेत उभी राहिली. का, तर त्या डोंगरात पावसाळ्यात जळवा फार. सवय हवी.

जाळी वाळत घालणारे भोई हातातलं काम टाकून बघू लागले. मग एकाला राहवेना.

"काहून उभे राहिले हो चिखलात?"

"जळवांची सवय करून राहिलो," कंट्रोलर म्हणाले.

"आँ?"

"जळवांची सवय करून राहिलो."

तो भोई दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांचा आवाज ऐकल्यासारखा वाटतो रे. हे ष्टँडवरचे न्हाई का?" मग मोठ्याने: "साहेब, इथं न्हाई लागायच्या! तिकडं म्हशी बसत्यात, तिथं जा!"

आणि साहेब खरंच तिकडे गेले. मागून दोघी. थोड्या वेळाने एक आरोळी ऐकू आली, आणि ती माइकशिवाय असूनही वसमतपर्यंत गेली असावी. जळू लागली होती ती फक्त त्यांना, पोटरीला. ते एका पायावर नाचत होते आणि भोई ओरडत होते, "मीठ टाका, मीठ! वढू नका, मीठ टाका!"

मार्था चिखलात तशीच उभी. "मीठ कुठलं?" ती म्हणाली. "आपल्याकडं मीठ बंद आहे."

काकडीसाठी नेलेली मिठाची पुडी माझ्या डब्यात होती. मी धावले, तर तिने माझा हात धरला. "थांबा, बाई. त्यांना आधी विचारा. चालंल का?"

कंट्रोलरांनी बायकोकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. "चालेल," ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला वेळ नव्हता. त्या संध्याकाळपासून त्यांच्या घरात पुन्हा मीठ आलं.

परक्या लोकांत राहायचा सराव म्हणून एकदा ते दोघींना घेऊन धरणाजवळच्या एका तांड्यावर चार दिवस राहायला गेले. तिथल्या लोकांत आपण नवखे, आपल्याला कुणी ओळखत नाही, असा अनुभव घ्यायचा होता. तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, दारात जाऊन यांनी नमस्कार केला मात्र, आतून म्हातारा बाहेर आला तो हात जोडूनच. "आवो, तुमीच न्हाई का ते, 'फलाट क्रमांक दोन'वाले? बसा, बसा. फाट्यावर आमची गाडी थांबवायचं तेवढं बघा की, साहेब. लेकरं शाळंत चालत जात्यात." चार दिवस रोज संध्याकाळी तांडा जमायचा आणि विषय एकच, फाट्यावरचा थांबा. नायकाच्या घरी जेवणही असं झालं की तिघं वजन वाढवून परत आली. थांबा मात्र त्यांनी खटपट करून मिळवून दिला. मी म्हटलं, "बघा, इथेही करण्यासारखं काम आहे." ते म्हणाले, "हा तर सराव होता, बाई."

सराव! माझं डोकं दुखायला लागलं की मी हा शब्द आठवते.

ते शेवटी गेले का, ते इथेच सांगून टाकते, कारण तुमच्यातल्या धाकट्याला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. गेले. दोघं नवरा-बायको निवृत्तीनंतर गेली, नवं शतक लागून बरीच वर्षं झाल्यावर. आणि गेली कशी? मी तेव्हा तुमच्याकडे बारशाला आलेले. परत येऊन बघते तर खोल्या झाडून-पुसून रिकाम्या, किल्ली शेजारच्यांकडे. इतकी वर्षं मला दर उन्हाळ्यात निरोप दिला, आणि खरंच निघाले तेव्हा माझी वाट बघायला चार दिवस थांबले नाहीत. मी आठवडाभर त्या किल्लीवर चिडून होते. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, नोटीस तर त्यांनी देऊन ठेवलीच होती."

पण मला सांगायचंय ते त्याच्या बरंच आधीचं, एस्तेर बारावी झाली त्या वर्षाचं.

त्या उन्हाळ्यात नोटीस द्यायला कंट्रोलर आले ते नवा शर्ट घालून. या वेळी खरंच सांगावा आला होता. मिशनने तिघांना बोलावलं होतं, स्टँडवर लांब रजाही मंजूर झाली होती. त्यांच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, पाठवणीची प्रार्थना ठेवली. मुलीची करतात तशीच पाठवणी: समोर तिघांना उभं करायचं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवायचा, सगळ्यांनी गाणी म्हणायची, भेटी द्यायच्या. मीही रेशमी साडी नेसून गेले. कुणी कुकर दिला, कुणी टॉर्च, एका कापडवाल्याने तिघांना जाड ब्लँकेटं. बायका रडल्या. मार्थाच्या गळ्यात पडून मीही रडले. आणि मला राग येतो तो याचाच, कारण ते रडणं सगळं फुकट गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या फोनवर मिशनचा फोन आला. तिकडे पाऊस आधीच सुरू झाला, दरडी कोसळल्या, वाट बंद. हिवाळ्यापर्यंत थांबा.

कुणीही शहाणा माणूस काय करील? चर्चमध्ये जाऊन सांगील की असं असं झालं. कंट्रोलर खोलीत गेले, दार लावलं, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, आमी गेलेलो आहोत."

"म्हणजे?"

"मंडळीनं डोक्यावर हात ठेवून पाठवलं. पाठवलेला माणूस चौकात मेथीची जुडी घेताना दिसला तर? लोकं देवाला हसतील. आमी गेलेलो आहोत."

आणि ते कुटुंब गेलं. आमच्याच मागच्या खोल्यांत गेलं. बाहेरून कुलूप, येणं-जाणं माझ्या स्वयंपाकघरातून. कपडे आत वाळत. बोलणं हळू, आणि ज्या माणसाचा आवाज बारा फलाटांना पुरेल त्याचं हळू बोलणं म्हणजे भिंतीत भुंगा शिरल्यासारखं. त्यांची भाजी मी आणायची. भाजीवाली विचारायची, "काय वो बाई, दोघांच्या घरात एवढी वांगी?" एकदा तर खुद्द पाळक आले, काही खबर आली का विचारायला. बैठकीत चहा पीत बसले. भिंतीपलीकडे कंट्रोलर श्वास धरून बसलेले, हे मला इकडे कळत होतं. तुमचे आजोबा शांतपणे म्हणाले, "वाटेत आहेत, पाळकसाहेब. वाट मोठी आहे." पाळकांनी डोळे मिटून प्रवास करणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. भिंतीपलीकडून अगदी हलकं "आमेन" आलं. दोनदा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण त्या कोंडवाड्यात एस्तेर होती.

एस्तेरने नर्सिंगला अर्ज केला होता. मीच तिच्या मागे लागले होते. पोरगी हुशार, हात शांत, कुणाला लागलं-खुपलं की इतर मुली मागे सरायच्या तेव्हा ही पुढे जायची. आणि नांदेडच्या एका नर्सिंगच्या शाळेतून तिला बोलावणं आलं. मुलाखतीला वडिलांनी सोबत यायचं, नाही आले तर जागा पुढच्या मुलीला. दुसरी संधी म्हणजे वर्षभर घरी. आणि वर्षभर घरी म्हणजे काय, ते मार्थाला आणि मला दोघींना ठाऊक होतं. मार्थाच्या माहेरी एस्तेरसाठी स्थळं बघायला कधीचीच सुरुवात झाली होती.

कंट्रोलर म्हणाले, "आता नर्सिंग काहून? आपण तर निघालो."

"निघालो कुठं?" मार्था म्हणाली. "खाटेवरून मोरीत. तुमीच सांगता ना, आपल्या माणसांत दवाखाना न्हाई? मग नर्स झाली तर कोणाच्या कामी येईल?"

हे त्यांना पटलं. पटल्याचं तोंडावर दिसलं. "बराबर आहे," ते म्हणाले. "पण नांदेडची गाडी ष्टँडवरून सुटते. सगळा ष्टँड मला वळखतो."

मग त्यांनी योजना काढली. पहाटे रिक्षा करायची, गावाबाहेर फाट्यावर जायचं, तोंडाला रुमाल बांधून तिथे गाडी धरायची. मार्थाने ऐकून घेतलं. मग ती उठली, माझ्या स्वयंपाकघरातून माझ्या बैठकीत गेली आणि आमचं पुढचं दार सताड उघडलं.

"लेकराला चोरासारखं न्हाई नेणार," ती म्हणाली. "ह्या दारानं जाणार, दिवसाउजेडी. तुमाला यायचं तर या. न्हाई तर बाई येतील, हातापाया पडून बघतील."

"मार्था, माझी शोभा होईल."

"तुमची शोभा झाली तर झाली. तिची जागा गेली तर परत येणार न्हाई."

एवढ्या वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली होती, आणि तेही एकदाच. मुलाखतीच्या दिवशी सकाळी एस्तेरने वेणी घातली, मी पर्स घेतली, आणि आम्ही तिघी निघालो. ते आले नाहीत.

वसमतचा बाजार तुम्ही पाहिलेला आहे. आमच्या घरापासून स्टँडपर्यंत दुकानांची एक रांग सुटत नाही. पहिल्याच दुकानातून हाक आली.

"अगं बया, मार्थाबाई! तुमी तर डोंगरात ना?"

"व्हय. जाऊन राहिलो."

"इकडून?"

"इकडून जवळ पडतं."

ब्लँकेटं देणारा कापडवाला गादीवरून उतरून बाहेर आला. "वहिनी, ब्लँकेट आखूड पडलं काय?" लोक हसले. एस्तेरचे कान लाल झाले. मार्था चालतच राहिली. "ब्लँकेट बराबर आहे, शेठ. थंडीच न्हाई आली अजून." मी मागून चालत होते आणि मनात घरी बसलेल्या कंट्रोलरांना नावं ठेवत होते. ही लाज त्यांची होती, आणि ती या दोघी डोक्यावर घेऊन चालल्या होत्या.

नांदेडची गाडी लागलेली होती. आम्ही बसलो. ड्रायव्हर चढला, कंडक्टरने दार ओढलं. तेवढ्यात कॅन्टीनच्या बाजूने गलका झाला आणि मी खिडकीतून पाहिलं.

कंट्रोलर येत होते. नवा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, तोंडाला रुमाल नाही. स्टँडच्या मधोमध, उन्हातून. हमाल उठून उभे राहिले. चहावाला हातात किटली घेऊन बाहेर आला.

"साहेब आले रे! साहेब, डोंगर सापडला न्हाई काय?"

"अहो, हवा बदलून आले! रंग बघा!"

"साहेब, एकदा सांगा की, ईशान्येची गाडी कोणत्या फलाटाला?"

ते सरळ गाडीकडे चालत आले. कंडक्टरने दार उघडून धरलं. ते चढले, आमच्याकडे न बघता पुढच्या एका बाकावर बसले, आणि नांदेडपर्यंत मला त्यांची फक्त मान दिसत होती. मार्थाने खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसले. मला म्हणाली, "धूळ फार आहे, बाई." काच बंद होती.

नर्सिंगच्या शाळेत लांब ओसरी होती आणि तिच्यावर बापांची रांग. एस्तेरचं नाव पुकारलं तेव्हा ती आणि कंट्रोलर आत गेले आणि इंग्रजी लागलं तर असावं म्हणून मीही गेले. टेबलामागे मेट्रन होत्या. जाड चष्मा, स्वच्छ पांढरी साडी. मला त्या बघताक्षणी आवडल्या, कारण त्यांच्या टेबलावर एकही कागद तिरका नव्हता.

एस्तेरला त्यांनी थोडं विचारलं, तिने नीट सांगितलं. मग त्या कंट्रोलरांकडे वळल्या.

"मुलीला होस्टेलवर राहावं लागेल. जेवण साधं. पाणी खालून भरून आणायचं. ड्यूटी लागली की सण नाही, वार नाही. पुष्कळ मुली पहिल्याच महिन्यात रडून परत जातात. हिला कष्टाची सवय आहे का?"

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आता सुरू होणार, मला वाटलं. जिना, पोतं, कपाळाचा पट्टा, अळणी भाकरी, म्हशींचा चिखल. आयुष्यभर ते ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो समोर आला होता. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकून मेट्रन आम्हाला वेडे समजून बाहेर काढणार होत्या.

कंट्रोलर उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी हाताने धरली होती.

"न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "तिला कसलीच सवय न्हाई."

एस्तेरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"घरापासून कधी लांब राहिली आहे?"

"आमीच कुठं गेलो न्हाई, तर ती कुठून जाईल?" त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मेट्रननी ऐकायला मान पुढे केली. "लाडात वाढलेलं लेकरू आहे. काम सांगा, ती करेल. पण दुखलं-खुपलं तर सांगायची न्हाई, तुमीच विचारा. अंधाराला भिते, तेबी सांगायची न्हाई. खिडकीजवळची खाट मिळाली तर बरं होईल. तेवढं सांभाळून घ्या."

ते एकदाच बोलले. मी वाट बघत होते, पण दुसऱ्यांदा काही आलं नाही.

त्या क्षणी मला त्यांचे कान धरून विचारावंसं वाटलं, मग एवढी वर्षं आम्हाला सगळ्यांना का छळलंत? पण एस्तेर रडत होती. हळदीचं पोतं उसवलं तेव्हा हसणारी, चिखलात तासभर उभी राहणारी मुलगी, तोंडावर हात धरून रडत होती.

मेट्रननी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सगळेच बाप असं सांगतात," त्या म्हणाल्या, आणि एस्तेरचं नाव यादीत चढवलं.

त्या माणसाला कुणी सगळ्यांसारखं म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.